नक्षीच्या कागदाशिवाय भरतकामाची पिशवी

फ्लॉरेन्सच्या बार्जेलो संग्रहालयात सतराव्या शतकातल्या काही खुर्च्या आहेत. त्यांच्यावर ज्वाळांसारखी चढउतारांची नक्षी भरलेली आहे. या कामाला बार्जेलोच म्हणतात. छापील नक्षी न घेता पिशवी करायची, तर याच्याइतकं सोयीचं काही नाही.

इंचाला 12-14 भोकं असलेलं जाळीदार कॅनव्हास घ्या, चारी बाजूंना दोन-दोन इंच जास्त सोडा. मधोमध सुरुवात करा. बोथट सुईने चार धाग्यांवरून उभा टाका घाला, शेजारचा दोन धागे वर. असं चढत जा आणि हवं तिथून उतरा. शेंड्यावर दोन-तीन टाके एकाच उंचीवर घातले की टोक गोल होतं. ही पहिली ओळ पुन्हा पुन्हा मोजा, कारण पुढच्या सगळ्या ओळी तिच्यामागूनच जातात. इथला एक चुकलेला धागा थेट पिशवीच्या तळापर्यंत दिसतो. पुढे फक्त रंग बदलायचा. एकाच रंगाच्या चार-पाच छटा गडदकडून फिक्याकडे नेल्या, तर फार सुंदर दिसतात.

लोकर हातभरच ओवा, लांब धागा भोकांत घासून विरतो. पिशवीसाठी टाके चार धाग्यांहून लांब नकोत, किल्ल्या-बांगड्या त्यांत अडकतात. अस्तर जाड सुती लावा.