पांढरा ससा

सॅन फ्रान्सिस्कोच्या 'जेफरसन एअरप्लेन' या ताफ्याचें १९६७ सालचें 'व्हाइट रॅबिट' हें सायकेडेलिक रॉक गीत मादक द्रव्यांचें म्हणूनच ओळखलें जातें. परंतु त्यांतील ससा आणि हुक्का ओढणारा सुरवंट आले ते मुलांच्या कपाटांतून, लुइस कॅरॉलच्या १८६५ सालच्या 'अ‍ॅलिस'मधून! रचनाकार व गायिका ग्रेस स्लिक हिचा रोख आईबापांवर होता. खाऊनपिऊन लहानमोठें होणाऱ्या मुलीची कथा आपणच वाचून दाखवावयाची, आणि पुढें पोरें व्यसनाकडे वळलीं म्हणजे नवल करावयाचें! चाल स्पॅनिश 'बोलेरो'ची; सैनिकी ठेक्यावर आवाज अडीच मिनिटें चढत जातो व शिखरावरच थांबतो. युक्तिवाद मला एकांगी वाटतो. पुस्तकांतली अ‍ॅलिस शेवटीं जागी होऊन चहासाठीं घरीं धांवते. तें गीतांत नाहीं.