एका ‘ना’ची अनेक रूपं

परभणीच्या फलाटावर ‘गाडी पूर्णेला थांबते ना?’ असं विचारणाऱ्याला व्याकरण आठवावं लागत नाही. ‘पाऊस पडला नाही ना?’, ‘तुम्ही सेलूचे ना?’ अशा कुठल्याही वाक्याला तोच ‘ना’ चालतो. राज्य मंडळाच्या दहावीच्या इंग्रजीत मात्र वाक्याच्या शेवटी जोडायचा असा छोटा प्रश्न, म्हणजे क्वेश्चन टॅग, आला की मुलं अडतात. पाठांतर कमी पडलं, असं मानलं जातं. खरी अडचण वेगळी आहे. मराठीत ‘ना’ बदलत नाही, इंग्रजीला दरवेळी मूळ वाक्याकडे वळून पाहावं लागतं. त्यातलं सहायक क्रियापद उचलायचं, होकार-नकार उलटवायचा, कर्त्याचं सर्वनाम ठेवायचं: ‘सीता कॅन स्विम, कान्ट शी?’ ‘द ट्रेन स्टॉप्स ॲट पूर्णा’ यात सहायक दिसत नाही, कारण ‘डझ’ त्या ‘स्टॉप्स’मध्ये दडलेलं असतं, म्हणून ‘डझन्ट इट?’ ‘हार्डली’ असलेलं वाक्य नकारार्थीच धरतात, तर ‘आय ॲम’ला ‘आरन्ट आय?’ जोडतात. हा इंग्रजीचा निव्वळ हट्ट!

‘इझन्ट इट’ सगळीकडे लावलं तर काय बिघडलं, हा आक्षेप रास्त आहे. भारतीय इंग्रजीत ते रुळलं आहे, लंडनच्या बोलीतही ‘इनिट’ तसंच वापरतात, आणि फ्रेंचांचं ‘नेस्पा’ तर आपल्या ‘ना’चंच भावंड. तेव्हा बोलताना ‘इझन्ट इट’ आलं म्हणून कुणाला अडाणी ठरवू नये. परीक्षेत मात्र प्रमाण इंग्रजीच तपासली जाते. तिथे ‘ना’ बाजूला ठेवून आधी वाक्यातलं सहायक क्रियापद शोधावं.