म्हातारचळ नव्हे, आजार

दसरा-दिवाळीच्या सुमारास गेवराई तालुक्यातील अनेक गावांप्रमाणे उमापूर परिसरातूनही ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. मागे राहतात ती वृद्ध माणसे. त्यांतील एखादी आजी जेवण झाल्यावर पुन्हा भाकरी मागते, एखादे आजोबा तिन्हीसांजेला 'घरी जायचे' म्हणून स्वतःच्याच घरातून बाहेर पडतात. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून गाव विषय संपविते. वस्तुतः हा बहुधा स्मृतिभ्रंश असतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीच्या अंदाजानुसार देशात साठीपुढील १०० व्यक्तींपैकी सुमारे ७ जणांना तो असून, ग्रामीण भागात त्याचे प्रमाण शहरांहून अधिक आहे.

अशा घरांना आधार देण्यास प्रत्येक वेळी तज्ज्ञच हवा, असे नाही. गोव्याच्या तिसवाडी व बारदेश तालुक्यांतील ८१ कुटुंबांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यात स्थानिक भाषा जाणणाऱ्या, साधारण बारावीपर्यंत शिकलेल्या कार्यकर्त्यांना आठवडाभराचे प्रशिक्षण देण्यात आले. निम्म्या कुटुंबांकडे ते सहा महिने पंधरवड्यातून किमान एकदा जात. मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्या पाठीशी असत. आजार हटला नाही. सांभाळणाऱ्यांचा मनस्ताप मात्र कमी झाला.

आपल्याकडे हे काम आशा कार्यकर्तीच करू शकेल. मात्र तिच्या वहीत आणखी एक रकाना वाढविणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. वेळ आणि मोबदला दोन्ही हवेत. शिकवायचे ते प्रत्यक्ष वागणे. 'आत्ताच तर जेवलात' असा वाद घालू नये. थोडे खायला देऊन लक्ष वळवावे. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. बाहेर निघालेल्यास अडवण्यापेक्षा सोबत चार पावले चालून परत आणावे. बांधून ठेवणे कदापि नको. रुग्णाचा गोंधळ एकदोन दिवसांत अचानक वाढला, तर तो वयाचा दोष न मानता ताप, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा नव्या औषधाचा परिणाम आहे काय, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. जीवनसत्त्व ब-१२ची कमतरता व थायरॉईडचे विकार यांमुळेही विस्मरण होते आणि ते उपचारांनी सुधारू शकते. म्हणून पहिली तपासणी टाळता कामा नये.

ग्रामपंचायतीचे काम टोळ्या निघण्यापूर्वीचे आहे. कोणत्या घरी कोण वृद्ध मागे राहणार, त्यांच्याजवळ रात्री कोण असेल आणि कारखान्यावरील मुलाचा दूरध्वनी क्रमांक काय, एवढी नोंद आशा कार्यकर्तीच्या हाती असावी.