खारं पाणी फक्त समुद्रात नसतं

संत्र्यांच्या ढिगांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कळमन्याच्या बाजारापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. त्यामुळे उन्हाच्या जोरावर समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या बातम्या आपण कोकणवाल्यांच्या म्हणून सोडून देतो. पण अकोला, अमरावती, बुलढाण्यातला पूर्णाकाठचा खारपाणपट्टा आपल्याच विदर्भात आहे. तिथल्या खाऱ्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरतो.

उन्हावर पाणी गोडं करणारा पहिला मोठा प्रकल्पही समुद्रकाठी नव्हताच. 1872 साली चिलीच्या वाळवंटात, लास सालिनासच्या सोराखाणींवर, चार्ल्स विल्सन यांनी तो उभारला. तिरक्या काचेखाली उथळ खारं पाणी. त्याची वाफ काचेला लागून थेंब होते, थेंब पन्हाळीत उतरतात. सुमारे 4,700 चौरस मीटरवर दिवसाला 22 हजार लिटर पाणी मिळे. प्यायची बहुतेक खेचरं.

म्हणजे चौरस मीटरला पाचेक लिटर. वाफेचं खाणं मोठं: हजार लिटरला साधारण 650 युनिट उष्णता. तेवढंच समुद्राचं पाणी ‘आरओ’च्या पडद्यातून दाबून काढायला तीन-चार युनिट वीज पुरते. म्हणून आता ऊन सौर पॅनलवर घ्यायचं आणि पंप चालवायचा. त्यात वऱ्हाड समुद्राहून सोपं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात 35 ग्रॅम क्षार असतात, विहिरीत त्याहून कितीतरी कमी. क्षार कमी म्हणजे दाब कमी, दाब कमी म्हणजे पॅनलही कमी.

अडतं ते गोडं पाणी काढल्यावर उरलेल्या जास्त खारट पाण्यापाशी. किनाऱ्यावर ते निदान समुद्रात परत सोडता येतं. गावातल्या आरओचं हे पाणी नालीत सोडलं, की निचरा नसलेल्या काळ्या मातीत मुरणार आणि क्षार पुन्हा जमिनीतच साठणार. यंत्राची किंमत सगळे विचारतात. हे पाणी कुठे सोडणार, हे फारसं कुणी विचारत नाही.

इथे विल्सनचं ऊन पुन्हा कामाला येतं, फक्त दुसऱ्या टोकाला. हजार वस्तीच्या गावाला पिण्यापुरतं रोज आठ हजार लिटर काढलं आणि तेवढंच खारट उरलं असं धरू. अस्तर घातलेल्या उथळ तळ्यातून वऱ्हाडच्या उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज आठेक लिटर पाणी उडून जाईल. म्हणजे दहा गुंठे जागा. पावसाळ्यात मात्र तळं उलट भरत जाणार, म्हणून निदान दुप्पट-अडीचपट जागा हवी. एवढी जमीन गावठाणालगत काढायची कुठून, हे पॅनलची ऑर्डर देण्याआधी ग्रामसभेतच ठरायला हवं.