जेवणघरापर्यंतची चाल

हाताची घडी घाला आणि खुर्चीवरून उठा. सोपे वाटले ना? तरुण माणूस असे उठताना मांडीच्या पुढच्या स्नायूंची जेमतेम ४० टक्के ताकद वापरतो. सत्तरी ओलांडलेल्यांना मात्र सुमारे ८० टक्के ताकद लावावी लागते, असे मोजमापांत आढळले आहे. म्हणजे आपल्या आजीचे प्रत्येक उठणे हे जवळजवळ वजन उचलण्याच्या स्पर्धेसारखेच! हा आकडा लक्षात ठेवून आपण २०२० सालाकडे वळू.

त्या वर्षी ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोविड ही जागतिक महासाथ असल्याचे म्हटले. दोनच दिवसांनी अमेरिकेतील शुश्रूषागृहांना भेटीगाठी, एकत्र जेवणे आणि सामूहिक कार्यक्रम थांबवण्याची सूचना मिळाली. फ्रान्स आणखी पुढे गेला. २८ मार्चला तेथील आरोग्यमंत्र्यांनी वृद्धाश्रमांतील प्रत्येकाला आपापल्या खोलीतच वेगळे ठेवण्यास सांगितले. हे अकारण नव्हते. पहिल्या लाटेत युरोपातील अनेक देशांत मृतांचा मोठा वाटा वृद्धाश्रमांतलाच होता.

पण खोलीत राहिल्याने काय बदलते? समजा, जेवणघर ४० मीटरवर आहे. तीन वेळा जाऊन येण्यात २४० मीटर चालणे होते. महिन्याला सात किलोमीटरांहून जास्त. याला कोणी व्यायाम म्हणत नाही, म्हणून तो बंद झाल्याचेही कोणाच्या ध्यानात येत नाही. ताट खोलीत आले की ही चाल संपली.

स्नायूंतील प्रथिने सतत मोडतात आणि नव्याने बनतात. वापर थांबला की नवी प्रथिने बनणे मंदावते आणि स्नायू झिजू लागतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सरासरी ६७ वर्षांची निरोगी माणसे दहा दिवस अंथरुणात राहिली. तेवढ्यात त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो चरबीविरहित ऊती गेल्या आणि गुडघा सरळ करण्याची ताकद १६ टक्क्यांनी घटली. खोलीत राहणे म्हणजे अंथरुणात राहणे नव्हे, हे खरे. तरीही गणित करून पाहू. ताकद १०० वरून ८४ झाली आणि उठायला पूर्वीइतकीच ८० लागते. आता शिल्लक ताकदीपैकी ९५ टक्के खर्च होणार! आणखी थोडी घट झाली, की संडासला जायलाही कोणाचा तरी हात हवा. जोवर उठता येते तोवर बाहेरून काहीच बिघडलेले दिसत नाही, हीच यातली फसगत आहे.

फ्रान्समध्ये २० एप्रिलपासून अटींसह भेटी सुरू झाल्या. आमच्या मते नातेवाइकांची भेट आणि पायांची हालचाल हे दोन वेगळे प्रश्न नव्हेत. भेटायला आलेला मुलगाच बहुधा आईला व्हरांड्यात फिरवून आणतो.

गेलेली ताकद परत येते का? येते, अगदी नव्वदीतही. १९९० साली बॉस्टनच्या संशोधकांनी एका शुश्रूषागृहातील नव्वदीच्या दहा रहिवाशांकडून आठ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, चालही सुधारली. पुढे व्यायाम थांबला आणि चारच आठवड्यांत ती ताकद ३२ टक्क्यांनी उतरली.