सेरेब्रल पाल्सी : बालकाची कार्यक्षमता कशावर अवलंबून असते?

‘मूल दोन वर्षांचे झाले, अजून बसत नाही, पाय ताठ करते,’ अशी तक्रार घेऊन माता प्रथम बहुधा गावातील वैद्याकडेच येते. अंबड परिसरातील ऊसतोड कुटुंबांत ती अनेकदा हंगाम संपल्यावर येते. म्हणून या व्याधीचे स्वरूप आपणांस नेमके ठाऊक असले पाहिजे.

अकाली प्रसूती, जन्मसमयी प्राणवायूची कमतरता, तीव्र कावीळ वा मेंदूज्वर यांमुळे वाढत्या मेंदूस इजा होते. ही इजा पुढे वाढत नाही. तथापि स्नायू आखडणे, खुबा सरकणे व कुपोषण हे परिणाम दुर्लक्षाने वाढत जातात.

कार्यक्षमतेचे पहिले गमक म्हणजे इजेची तीव्रता. १९९७ साली मांडलेल्या वर्गीकरणात हालचालींच्या क्षमतेनुसार पाच स्तर केले आहेत. २००२ च्या कॅनडातील अभ्यासानुसार बालक आपल्या संभाव्य हालचालींपैकी सुमारे ९० टक्के क्षमता पाच वर्षांच्या आतच गाठते. तीव्र स्तरात त्याहूनही लवकर. दोन वर्षांपर्यंत स्वतंत्र बसू लागलेले मूल पुढे चालण्याची शक्यता अधिक असते. झटके, दृष्टी, श्रवण, बुद्धी, पोषण आणि घरातील दैनंदिन सराव यांचाही मोठा वाटा असतो.

काश्यपसंहितेत वर्ष उलटूनही न चालणाऱ्या बालकाचा ‘फक्क’ म्हणून विचार केला असून चालण्याच्या अभ्यासासाठी तीन चाकी फक्करथ सांगितला आहे. फक्क व सेरेब्रल पाल्सी एक नव्हेत; परंतु औषधाबरोबर अभ्यासाचे महत्त्व आचार्यांनी ओळखले होते.

अभ्यंग व मृदु स्वेदन व्यायामास पूरक म्हणून योजावे. जोराने सांधे ओढू नयेत. गिळण्यास त्रास असलेल्या बालकास आडवे धरून घृत पाजणे किंवा नाकात तेल सोडणे टाळावे. स्निग्ध द्रव्य फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. झटक्यांची चालू औषधे अचानक बंद करू नयेत. औषधालयचालकांनी भस्मयुक्त कल्प चिठ्ठीविना बालकांस देऊ नयेत.

२०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतून तपासणी होते. बालकास जिल्हास्तरीय शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्याची सोयही त्यात आहे. २०१६ च्या कायद्यानुसार दिव्यांगत्व प्रमाणपत्रही मिळते. कुटुंब ऊसतोडीस निघण्यापूर्वी मातेस बसविण्याची, भरविण्याची व व्यायामाची रीत प्रत्यक्ष करून दाखवावी. पाच वर्षांच्या आतील एकेक हंगाम मोलाचा आहे. संदर्भपत्र लिहिण्यास वैद्याने विलंब करू नये.