श्लेष्मस्तरातील आंत्रजंतू
आतड्याच्या आतील पृष्ठभागावर पसरलेल्या बुळबुळीत श्लेष्म्याच्या (चिकट स्रावाच्या) थरात राहण्यास अनुकूलित झालेले सूक्ष्मजंतू. आतड्यातील बहुसंख्य सूक्ष्मजंतू अन्नाच्या अवशेषांबरोबर पुढे सरकत असतात. श्लेष्मस्तरातील जंतू मात्र आतड्याच्या भित्तीच्या निकट वस्ती करतात. त्यामुळे आश्रयदात्या शरीराच्या आरोग्याशी त्यांचा संबंध अधिक जवळचा असतो.

श्लेष्मा आतड्याच्या अस्तरातील चषक कोशिकांतून स्रवतो. त्यातील प्रमुख घटक म्युसीन हे प्रथिन असून त्याच्या रेणूवर शर्करांच्या असंख्य शाखायुक्त साखळ्या असतात. लघ्वांत्रात श्लेष्म्याचा एकच सैल थर असतो, तर बृहदांत्रात दोन थर असतात. उंदरांच्या बृहदांत्रातील आतील दाट थर जवळजवळ जंतुरहित असून जंतूंची वस्ती बाहेरील सैल थरात असते, असे स्वीडनमधील संशोधकांनी २००८ मध्ये दाखविले.

येथे टिकून राहण्यासाठी जंतूंना तीन अडचणींवर मात करावी लागते. पहिली, श्लेष्मा सतत नवा बनून जुना वाहून जातो. लॅक्टोबॅसिलस गटातील काही जंतू पृष्ठभागावरील केसासारख्या तंतूंनी त्याला चिकटून राहतात. दुसरी, अस्तरातील कोशिका जंतुनाशक पेप्टाइडे स्रवतात. बॅक्टिरॉइडीझ प्रजातीतील जंतू आपल्या बाह्य आवरणातील एका रेणूचा फॉस्फेट गट काढून टाकतात व त्यामुळे या पेप्टाइडांना दाद देत नाहीत. तिसरी अडचण अन्नाची होय. म्युसिनावरील साखळ्या तोडण्यास अनेक एंझाइमे क्रमाने लागतात. नेदर्लंड्समध्ये २००४ मध्ये वर्णिलेला अक्करमॅन्सिया म्युसिनीफिला हा जंतू कार्बन व नायट्रोजन या दोहोंसाठी केवळ म्युसिनावर वाढू शकतो. हा जंतू अवायुजीवी असला, तरी भित्तीजवळ झिरपणारा अत्यल्प ऑक्सिजन तो सहन करतो.

बॅक्टिरॉइडीझ थीटाआयोटाओमायक्रॉन हा जंतू आहारातील वनस्पतिज तंतू उपलब्ध असता प्रामुख्याने ते वापरतो. ते संपल्यास तो म्युसिनाकडे वळतो. या अनुकूलनाचा धोका २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसून आला. मानवी आतड्यातील १४ जातींचे जंतू घातलेल्या उंदरांना तंतुरहित आहार दिला असता श्लेष्मा खाणाऱ्या जंतूंचे प्रमाण वाढले, श्लेष्मस्तर पातळ झाला व रोगकारक जंतूचा संसर्ग अधिक तीव्र झाला. सहजीवी जंतू उपकारक ठरतो की अपायकारक, हे अशा रीतीने काही अंशी आहारावर अवलंबून असते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ज्वारी, बाजरी व नाचणी यांची भाकरी, कडधान्ये आणि पालेभाज्या यांतून तंतू मिळतात. तळेगाव दाभाडे, लोणावळे या मावळ भागात भात हे मुख्य पीक आहे. हातसडीच्या तांदळात कोंड्याचा काही भाग राहतो, तर गिरणीत पांढरा केलेल्या तांदळात तो जवळजवळ नाहीसा होतो. अशा वेळी जोडीच्या कडधान्यांचे व भाज्यांचे महत्त्व वाढते.

पुणे येथील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र व आघारकर संशोधन संस्था यांच्या संशोधकांनी २०१२ मध्ये एकत्र कुटुंबांतील तीन पिढ्यांच्या आंत्रजंतूंचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. जंतुसमूहाच्या रचनेत वयाप्रमाणे फरक पडतो, असे त्यात आढळले. असे अभ्यास सामान्यतः विष्ठेच्या नमुन्यांवर केले जातात. विष्ठेतील जंतूंवरून श्लेष्मस्तरातील वस्तीची केवळ अंशतः कल्पना येते. तिच्या प्रत्यक्ष अभ्यासासाठी अस्तराचे नमुने घ्यावे लागतात.